आत्याला वेस्टर्न हवं

सिनेमाची शिफारस करणारा माणूस मला दुरून ओळखू येतो. तो आधी डोळे बारीक करतो, मग मान तिरकी करतो आणि मग विचारतो, "म्हणजे तुम्ही तो पाहिलाच नाहीत?" यातला 'तो' कुठला याला काही महत्त्व नसतं. तुम्ही पाहिला नाहीत, यात त्याचा आनंद असतो. चुकून तुम्ही पाहिलेला निघालाच तर त्याचा चेहरा पडतो, आणि तो लगेच आणखी अवघड नावाचा दुसरा सिनेमा काढतो. आमचं चित्रपट मंडळ अशाच माणसांनी भरलेलं आहे. त्यांना सिनेमा आवडतो असं मला कधीच वाटलं नाही. सिनेमा आपल्याला आवडतो, हे त्यांना आवडतं.

मी कवळ्या बनवते. दंतवैद्य तोंडाचं माप पाठवतो, मी मागच्या खोलीत बसून प्लास्टरच्या साच्यावर मेण चढवते, दात रचते, घासते, चकाकी आणते. माणूस तोंड उघडतो तेव्हा तो काय बोलतोय याआधी तो कसा चावत असेल ते मला दिसतं. हा आमच्या धंद्याचा रोग आहे. त्यामुळे मंडळात मला 'कवळीवाली' म्हणतात. प्रेमाने म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. मीही त्यांना प्रेमानेच नावं ठेवली आहेत.

पहिला समीक्षक. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ, आमचा अध्यक्ष, कुठल्याशा साप्ताहिकात सिनेमांवर लिहायचा. साप्ताहिक बंद पडलं, समीक्षक चालूच राहिला. दुसरा ट्रेलर. हा मोबाइल दुरुस्त करतो, आमचा प्रोजेक्टरही तोच चालवतो, आणि सिनेमाची झलक पाहून अख्ख्या सिनेमावर बोलतो. तिसरा चिटणीस, मंडळाच्या नियमांचा रखवालदार. समीक्षक जे म्हणेल त्याला 'अनुमोदन' म्हणणं हेच त्याचं आयुष्यातलं काम. बाकीचे सभासद या तिघांच्या मागे मान हलवत बसतात. त्यांना नावं ठेवण्याइतकीही त्यांची लायकी नाही.

मंडळाची खोली फरशीवाल्याच्या दुकानावर आहे. खाली फरश्या, बेसिनं, नळ, आणि रस्त्याकडच्या काचेत पांढऱ्याशुभ्र कमोडांची एक रांग, झाकणं उघडून आ वासून बसलेली. दर शनिवारी संध्याकाळी जगातल्या थोर सिनेमाचे हे जाणकार त्या रांगेसमोरून जातात आणि बाजूच्या अरुंद जिन्याने वर चढतात. वर पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि बोळाच्या टोकाला पत्र्याच्या दाराचा एक संडास. उकिडवं बसायचा. धरायला कडी नाही, भिंतीला टेकावं तर भिंत ओली, आणि नळाला हात लावला तर नळ हातात येतो.

आता आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. उभा जन्म तिने टेलिफोनच्या कचेरीत काढला. कुणाचा कॉल आला की जोडून द्यायचा, दोन वाक्यं कानावर पडेपर्यंत थांबून लाइन लागल्याची खात्री करायची, आणि बाजूला व्हायचं. "अगं, एकदा एक बाई म्हणाली, 'मी तुला खरं काय ते सांगतेच आता,' आणि मला बाजूला व्हावं लागलं," असं ती अजून हळहळून सांगते. हजारो गोष्टींच्या सुरुवाती तिने ऐकल्या आणि शेवट एकाचाही नाही. म्हणून नोकरी संपल्यावर तिने मंडळाचं सभासदत्व घेतलं. सिनेमा तरी शेवटपर्यंत बघता येईल, एवढीच तिची इच्छा.

आणि तेवढंच तिला मिळेना. आत्याचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, डॉक्टरांनी उकिडवं बसायला सक्त मनाई केली आहे. शनिवारी ती दुपारपासून पाण्याचा थेंब घेत नाही. तरी सिनेमा रंगात आला की तिची चुळबुळ सुरू होते, मग ती पदर सावरत उठते आणि दोन गल्ल्या पलीकडच्या घरी जाते. परत येईपर्यंत दिवे लागलेले असतात. मग रात्री जेवताना मी तिला शेवट सांगते. ती ऐकते, पण तिचा चेहरा लग्नाला न जाता दुसऱ्या दिवशी उरलेलं जेवण जेवणाऱ्या माणसासारखा असतो.

समीक्षकाने यावरही टिप्पणी केली होतीच. "वयपरत्वे एकाग्रता कमी होते," तो तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला. "शिवाय आपण दाखवतो ते सिनेमे सगळ्यांच्या पचनी पडत नाहीत." चिटणीसाने अनुमोदन दिलं. त्या दिवशी मी दातओठ खात घरी आले.

"मी सांगते त्यांना खरं काय ते," मी आत्याला म्हटलं.

"खबरदार," आत्या म्हणाली. "माझ्या गुडघ्यांची आणि पोटाची चर्चा त्या बाप्यांसमोर केलीस तर याद राख. माझं मी नीट शब्दांत सांगेन." मग म्हणाली, "एवढा महिना बघते. नाही जमलं तर शनिवारी घरीच बसेन. सुरुवाती खूप झाल्या माझ्या."

ती हे रडून-भेकून म्हणाली असती तर मला एवढं लागलं नसतं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

पुढच्या शनिवारी सिनेमाआधी बैठक होती. समीक्षकाने विचारलं, "येत्या महिन्यासाठी कुणाच्या काही सूचना?" असं तो नेहमी विचारतो आणि उत्तराची वाट न बघता स्वतःची सूचना सांगतो. पण त्या दिवशी आत्याने हात वर केला. आत्याने हात वर केल्याचं मंडळाच्या इतिहासात घडलं नव्हतं.

"मला बाई वेस्टर्न हवं," आत्या म्हणाली.

समीक्षकाच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की त्याचे खालचे दाटीवाटीचे दात मला सगळे मोजता आले असते.

"हवा," तो म्हणाला.

"काय?"

"वेस्टर्न *हवा*. सिनेमा पुल्लिंगी, आत्या. हवं नाही, हवा."

सभा गालातल्या गालात हसली. आत्या गोंधळली. "हवा नको हो, हवंच. इथे, वरच्या मजल्यावर."

"अर्थात इथेच!" समीक्षक म्हणाला. "वा! घोडे, वाळवंट, एकटा माणूस! आत्यांची आवड इतकी रांगडी असेल असं वाटलं नव्हतं मला."

आत्याचं व्याकरण बरोबर होतं. त्या खोलीतल्या एकुलत्या एका बरोबर शब्दाला त्याने चूक म्हणून खोडलं, आणि त्या शब्दाबरोबर अख्खी बाई खोडली.

मी म्हटलं, "अहो, तिला तो वेस्टर्न नकोय—"

"बरोबर," ट्रेलर म्हणाला, "इटालियन हवा असेल. नुसते डोळे दाखवतात तो."

"अहो, खाली काचेत मांडून ठेवलंय तसं—"

"पोस्टर नंतर लावू," चिटणीस म्हणाला. "आधी चर्चा."

आणि चर्चा सुरू झाली. देवा! समीक्षक म्हणाला, खरा वेस्टर्न कृष्णधवलच. ट्रेलर म्हणाला, हल्लीचे बर्फातले बघा, घोड्याच्या नाकातून वाफ येते. मागचा एक जण पहिल्यांदाच धीर करून म्हणाला की त्याला गाणी असलेला एक आवडला होता. त्याच्याकडे असं पाहिलं गेलं की तो महिनाभर पुन्हा बोलला नाही. मग समीक्षकाने सांगितलं की एकही गोळी सुटत नाही असा एक थोर वेस्टर्न आहे. त्यावर ट्रेलरने एकही घोडा नसलेला काढला. अजून थोडा वेळ मिळता तर पडदाच नसलेला कुणीतरी काढला असता. प्रत्येकाची शिफारस म्हणजे आधीच्याला मारलेली कोपरखळी.

मला वेस्टर्न आवडतात, हे इथे सांगून टाकते. कुणी मला शिफारस विचारत नाही, पण माझी एक कसोटी आहे. दात बघा. पाणी नाही, ब्रश नाही, तोंडात कायम तंबाखू, आणि गुंडाची बत्तीशी मात्र आत्ताच माझ्या टेबलावरून घासून नेल्यासारखी पांढरी, असा सिनेमा मी पाचव्या मिनिटाला बाद करते. ज्यात हिरो हसताना एक किडका दात दिसतो, तो सिनेमा खुशाल बघावा. जो दातांबाबत खोटं बोलला नाही तो बाकीचंही खरं सांगतो. ही कसोटी मी एकदा मंडळात मांडली होती. "गमतीदार," समीक्षक म्हणाला होता, आणि विषय बदलला होता.

असो. बैठक संपल्यावर मी चिटणीसाला गाठलं. आत्याचं नाव न घेता विचारलं, "बोळातली ती सोय जरा दुरुस्त नाही का करता येणार? मी बोलू का फरशीवाल्याशी?"

"मालकाशी फक्त चिटणीसाने बोलायचं, असा नियम आहे," तो म्हणाला. "आणि खोली फुकट मिळालीय. फुकटच्या घरात मागण्या करायच्या नसतात. शिवाय सभासदांची तक्रार नाही."

"बायकांची?"

"बायका दोनच. तुम्ही आणि आत्या." जणू आम्ही दोघी मिळूनही एक सभासद होत नव्हतो.

पुढच्या बैठकीत मी पुन्हा तोंड उघडलं. आत्याच्या तंबीमुळे आडवळणाने बोलणं भाग होतं. म्हटलं, "आत्याला बसायची नीट सोय पाहिजे."

"पहिली रांग राखीव!" समीक्षक म्हणाला.

"तसं नाही. गुडघे न वाकवता बसता यावं. हाताला धरायला काहीतरी—"

"हातांची खुर्ची आणू," चिटणीस म्हणाला, आणि खरंच त्याने ती आणली. दातांच्या कण्या करून मला काय मिळालं, तर खुर्ची. आत्या त्या खुर्चीकडे बघून इतकी हसली की तिची कवळी हलली. ती मीच बनवलेली आहे, आणि सहसा हलत नाही.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वेस्टर्न लागला. जिन्याच्या दाराशी कागद चिकटवला होता: 'आत्यांच्या आग्रहास्तव'. सिनेमा समीक्षकाच्या शिफारशीचा. "माझ्या संग्रहातला," तो म्हणाला. "कितीदा पाहिलाय याला गणती नाही. शेवटची दहा मिनिटं म्हणजे काय सांगू तुम्हाला! मी तर ती पाठ म्हणून दाखवीन." आणि त्याने पिशवीतून डीव्हीडीची डबी काढली. डबीवरचा पारदर्शक कागद अजून सीलबंद होता. ट्रेलरला तो नखाने निघेना, शेवटी चिटणीसाने दाताने फाडला. मी हे पाहिलं. आत्यानेही पाहिलं. कॉल जोडताना कोण खरं बोलतंय आणि कोण नाही, हे ओळखायला तिला दोन वाक्यं लागायची. इथे तर अख्खा कागद होता.

ट्रेलरने सिनेमा सुरू केला, रिमोट माझ्या शेजारच्या स्टुलावर ठेवला आणि समीक्षकाजवळ जाऊन बसला. सिनेमा चांगला होता, नाइलाजाने सांगते. कोरड्या ठणठणीत गावात एकच विहीर. तिची राखण करायला एक म्हातारा बंदूकवाला ठेवलेला, ज्याचे पुढचे दोन दात नाहीत. विहीर बळकवायला निघालेला एक माणूस रोज थोडा थोडा जवळ येतो. बस, एवढंच. तासाभरात मी टेबलावरची सगळी अर्धवट कामं विसरले. आत्या तर पुढे सरकून बसली होती. ती पडद्याकडे बघत होती आणि मी तिच्या हातांकडे. खुर्चीचे हात तिने घट्ट धरले होते. म्हातारा विहिरीतून पोहरा वर ओढायचा, पाणी डुचमळायचं, आणि आत्या डोळे मिटून घ्यायची.

शेवटी तो माणूस गावात शिरला. म्हातारा उठला. दोघं समोरासमोर आले. आणि आत्या उठली.

मला वाटलं, संपलं. आता ही पुन्हा शनिवारची यायची नाही. भयंकर वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. मी स्टुलावरचा रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला. मंडळाच्या रिमोटला बाईचा हात लागल्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही बंदूकवाले पडद्यावर जागच्या जागी उभे राहिले.

समीक्षक ताडकन उठला. आत्या दाराबाहेर पडली होती. तो मागोमाग जिन्यात गेला, त्याच्यामागे चिटणीस, त्याच्यामागे ट्रेलर, आणि सगळ्यांच्या मागे मी.

"आत्या! हा काय प्रकार?" समीक्षक जिन्यातून ओरडला. "महिनाभर चर्चा करून तुमच्यासाठी वेस्टर्न लावला, आणि ऐन शेवटाला तुम्ही निघालात?"

आत्या एक हात भिंतीला लावून एकेक पायरी आडवी उतरत होती. खाली पोचल्यावर ती वळली. खाली फरशीवाला दुकानाचं शटर ओढायच्या तयारीत उभा होता. आत्याने आयुष्यभर नीट शब्दांत बोलायचं ठरवलेलं. मी तिचा चेहरा बघितला आणि समजले की ते ठरवणं आता संपलं.

"अहो समीक्षक," ती म्हणाली, "मला संडासला जायचंय. तुमच्या वरच्या खुराड्यात माझे गुडघे वाकत नाहीत. म्हणून महिन्यापूर्वी म्हटलं की मला वेस्टर्न हवं." आणि तिने काचेतल्या रांगेकडे बोट केलं. "ते! हवं! नपुंसकलिंगी!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लहानपणी शिकले होते. तो कळसा असा ओळीने मांडलेला पहिल्यांदाच बघत होते. तिघेही त्या कमोडांकडे असे बघत राहिले, जणू ते आत्ताच कुणी आणून ठेवलेत.

सगळ्यात आधी भानावर आला तो फरशीवाला. या माणसाने उभ्या आयुष्यात आमच्या मंडळाचा एक सिनेमा पाहिलेला नाही. "अहो आत्या, मग आधी नाही का सांगायचं?" तो म्हणाला. "दुकानामागे आहे की गिऱ्हाइकांसाठी. चालू आहे, धरायला दांडी आहे, दिवा आहे. या. दर शनिवारी उघडं ठेवतो." त्याने शटर पुन्हा वर सरकवलं.

आत्या आत गेली. त्या तिघांनी काय करावं? माफी मागावी, गप्प बसावं, निदान वर जावं. पण नाही. चिटणीस म्हणाला, ही मागणी रीतसर यायला हवी होती. ट्रेलर म्हणाला, आपण मोघम शब्द वापरू दिला ही अध्यक्षांची चूक. समीक्षक म्हणाला, व्याकरणदृष्ट्या त्याचा मुद्दा अजूनही बरोबर आहे, कारण कमोड पुल्लिंगी. तिथल्या तिथे, बेसिनांच्या मध्ये उभे राहून त्यांनी बैठक भरवली. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला त्यांची दया वगैरे काही आली नाही. किळस आली.

आत्या बाहेर आली, तोंडावर पाणी मारून, ताजीतवानी. "थांबवलायस ना?" तिने मला विचारलं.

"थांबवलाय."

"चल तर."

आम्ही दोघी वर गेलो. वर उरलेले सभासद अजून माना वर करून थांबलेल्या पडद्याकडे बघत होते. थांबलाय हे काहींना कळलंही नसावं. मी बटण दाबलं. दोघे बंदूकवाले हलले. आत्या हातांच्या खुर्चीत आरामात मागे टेकून बसली, खुर्चीचे हात न धरता. विहीर बळकवायला आलेला माणूस बंदुकीला हात घालतो, आणि उन्हाने भोवळ येऊन मटकन खाली बसतो. पाणी मागतो. म्हातारा त्याला पोहऱ्याने पाणी पाजतो. दोघं विहिरीच्या कठड्याला टेकून बसतात. कुणीच मरत नाही, आणि सिनेमा संपतो.

आत्या पडद्यावरची नावं सरकून जाईपर्यंत हलली नाही. "हं," ती म्हणाली. "असा शेवट असतो तर." तिचे डोळे भरले होते, आणि माझेही.

दिवे लागले तेव्हा ते तिघे वर आले. समीक्षक कपाळ पुसत होता. झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द न काढता तो आत्यासमोर उभा राहिला, डोळे बारीक केले, मान तिरकी केली.

"मग आत्या? काय म्हणतो शेवट? मी म्हणालो होतो ना?"

आत्याने जिभेने कवळी नीट बसवली. मी तिला ओळखते; ती कॉल जोडायच्या आधी असंच करायची म्हणे.

"सगळं छान हो," ती म्हणाली. "पण शेवटी तो घोडा विहिरीत पडतो ना, ते काही बघवलं नाही मला."

समीक्षकाने डोळे मिटले.

"तो घोडा!" तो म्हणाला. "तोच तर कळस आहे, आत्या! तो घोडा पडत नाही, एक युग पडतं. दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो."

"आणि कॅमेरा वरून बघतो तेव्हा!" ट्रेलर म्हणाला.

"अनुमोदन," चिटणीस म्हणाला.

मागे सभासद एकमेकांकडे बघू लागले. गाणी आवडणारा तो बिचारा तर हसू दाबताना लालबुंद झाला. आत्या मात्र हसली नाही. तिने माझ्याकडे हात पुढे केला.

"पाणी दे गं," ती म्हणाली.

मी कोपऱ्यातल्या माठातून ग्लास भरून दिला. शनिवारच्या संध्याकाळी, त्या खोलीत, सगळ्यांच्या देखत आत्या तो ग्लास सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरून म्हणाली, "अजून दे."